मागच्या चाकाखालचा डाग

आमच्या इमारतीत गाड्या तळमजल्याच्या खांबांमध्ये उभ्या असतात. बाहेर जुलै कोसळत असला तरी तिथली फरशी कोरडी राहते, म्हणूनच तो डाग दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा, डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला. मुलुंडच्या रस्त्यावर उघड्यावर गाडी लावत असते तर पावसानं तो रोज धुऊन नेला असता. वॉचमननं दाखवला, मी वाकून पाहिलं. टायरची आतली बाजू वीतभर ओली होती. बोट लावलं, तर ओशट.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या मुलानं चाकाकडे नुसतं डोकावून सांगितलं, "डिफ्रेन्सलचं ऑइल सील गेलंय ताई. घाई नाही. सर्व्हिसिंगला आणाल तेव्हा टाकून देऊ."

वाक्य ओळखीचं होतं. माझ्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती आणि हेच वाक्य मी लहानपणी वर्षाआड तरी ऐकलेलं होतं. मी विश्वास ठेवला. तीन दिवस गाडी अंधेरीला नेली आणि आणली. वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकायचा. हँडब्रेकचा दिवा आहे, बटण सैल झालं असेल, असं मनाशी म्हटलं. चौथ्या दिवशी एलबीएस मार्गावरून गांधीनगरच्या चौकाकडे येताना सिग्नल लाल झाला, पाय दाबला आणि पॅडल नेहमीच्या जागेच्या खूप खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा कुठे धरलं. पुढची रिक्षा हातभर अंतरावर होती. तिच्यात मागे शाळेच्या गणवेशातली दोन मुलं बसलेली होती. त्यांच्या दप्तरांचे रंग मला अजून आठवतात.

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. तिच्या मागच्या आसात डिफरन्शियल नावाची वस्तूच नाही. जे नाही ते गळणार कुठून? हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

त्या मुलावर माझा राग नाही. त्यानं ते वाक्य कुणाकडून तरी उचललं होतं, आणि ज्याच्याकडून उचललं त्याच्यासाठी ते एके काळी खरं होतं. या शहराच्या मिस्त्रींची नजर ज्या गाडीवर तयार झाली, त्या गाडीच्या मागच्या चाकापाशी डाग दिसला की पहिला संशय डिफरन्शियलच्या तेलाचाच यायचा. गाडी गेली, वाक्य मागे राहिलं.

ती गाडी इथलीच, उपनगरातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. तिथे 1964 पासून फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं, पण टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. इंजिन पुढे, 1089 सीसीचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. इंजिनाची ताकद गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब शाफ्टमधून मागे जायची आणि मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या लोखंडी भोपळ्यात शिरायची. तो भोपळा म्हणजे डिफरन्शियल. त्यात क्राउन आणि पिनियन ही दोन दातेरी चाकं जाड गिअर ऑइलमध्ये बुडून फिरतात आणि ताकद काटकोनात वळवून डाव्या-उजव्या चाकाला देतात. भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांत शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला चाक. तेल चाकापर्यंत पोचू नये म्हणून टोकाशी एक रबरी ओठाची कडी असते. तीच ऑइल सील.

या सीलचा ओठ झिजला, आतलं बेअरिंग ढिलं होऊन शाफ्ट डुगडुगू लागला किंवा कुणी भोपळ्यात मापापेक्षा जास्त तेल भरलं, की तेल सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. तिथून मागच्या पत्र्यावरून ओघळत टायरच्या आतल्या बाजूला येतं. आणखी एक कारण आहे, आणि ते अनेक मिस्त्रींच्याही ध्यानात राहत नाही. आसाच्या वरच्या बाजूला श्वास घ्यायला एक बारीक झाकण असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी धावली की तेल तापतं, आतली हवा फुगते आणि या झाकणातून बाहेर पडते. चिखलानं ते बुजलं की दाब सीलवर येतो आणि धडधाकट सीलही गळू लागते. मग सील बदलतात, ती गळते, पुन्हा बदलतात. एका वर्षात आमच्या पद्मिनीची सील तीनदा बदलली होती. ब्रीदर साफ केल्यावर गळती थांबली.

पद्मिनीतसुद्धा 'घाई नाही' हे म्हणणं बरोबर नव्हतं, हे मला आता कळतं. गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर गेलं की ते चाक ब्रेक धरत नाही आणि पावसात जोरात ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. पण तेव्हा वेग कमी होते, रस्ते मोकळे होते, आणि गळणारं तेल निदान ब्रेकच्या नळ्यांमधलं नसायचं. पॅडल जागेवर राहायचं.

शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य 20 वर्षांचं ठरलेलं असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळ्या-पिवळ्या ताफ्यात ती राहिली नाही. वर्तमानपत्रांनी तिच्यावर निरोपाचे लेख लिहिले. मागच्या आसाबद्दल कुणी लिहिलं नाही, ते साहजिक आहे. पण बदल तिथेच घडला होता आणि तोही फार आधी. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. तिच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये होते. मागची चाकं नुसती मागून येणारी. त्यांच्या आसात थेंबभर तेल नाही. पुढे झेन, सँट्रो, वॅगन-आर आल्या आणि आज सोसायट्यांच्या आवारात दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्या याच वळणाच्या आहेत.

अशा गाडीच्या मागच्या चाकापाशी ओशट काही दिसलं, तर संशयित मोजकेच उरतात. ब्रेक ऑइल, शॉकअपचं तेल, बेअरिंगचं वितळलेलं ग्रीस आणि डिझेल गाडी असेल तर डिझेल. यातलं पहिलं जीवावर बेतणारं आहे. म्हणून उलट सिद्ध होईपर्यंत ते ब्रेक ऑइलच आहे असं धरायचं आणि गाडी हलवायची नाही. मला हे भांडुपच्या एका जुन्या मिस्त्रींनी सांगितलं. ते पंधराव्या वर्षी कुर्ल्यात पद्मिनीच्या आसांवर काम शिकले होते, म्हणजे ज्या शाळेतून ते वाक्य निघालं, त्याच शाळेचे. फरक एवढाच की वाक्य कधी बदलायला हवं, ते त्यांना कळलं होतं.

टो करून गाडी त्यांच्याकडे आणली तेव्हा त्यांनी चाकाला हात लावला नाही. आधी बॉनेट उघडायला लावलं. ब्रेक ऑइलची पांढरट बाटली ड्रायव्हरच्या समोर, मागच्या बाजूला असते. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. माझं तेल खालच्या खुणेखाली गेलेलं होतं. "दिवा लागत होता का? वळणावर?" त्यांनी विचारलं. हँडब्रेक खाली असताना तो लाल दिवा लुकलुकला, तर बाटलीतलं तेल कमी झालेलं असतं. वळणावर तेल एका बाजूला कलतं, आतला तरंगता खटका खाली बसतो आणि दिवा लागतो. गाडी तीन दिवस मला सांगत होती.

मग त्यांनी चहाच्या टपरीवरून काचेचा ग्लास आणवला, पाणी भरलेला. टायरच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या खालच्या कडेला लोंबणारा थेंब स्वच्छ काडीवर घेतला आणि पाण्यात सोडला. थेंब क्षणभर धुरासारखा पसरला आणि नाहीसा झाला. पाणी किंचित पिवळट, बस. दुसऱ्या ग्लासात त्यांनी डब्यातलं गिअर ऑइल सोडलं. ते वर आलं आणि तवंग धरून बसलं, पावसाळ्यात पेट्रोलपंपासमोर दिसतो तसा रंगीत.

सगळी किमया रसायनात आहे. गाड्यांमध्ये वापरलं जाणारं डॉट 3 आणि डॉट 4 ब्रेक ऑइल हे आपण समजतो त्या अर्थानं तेल नाहीच. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि पाण्यात विरघळतं. गिअर ऑइल, शॉकअपचं तेल, डिझेल, ग्रीस ही खनिज तेलाची भावंडं पाण्याशी फटकून राहतात. सिलिकॉनचं डॉट 5 पाण्यात मिसळत नाही, पण रोजच्या वापराच्या गाड्यांत ते नसतं. एक ग्लास पाणी आणि एक थेंब, एवढ्यावर निम्मा निवाडा होतो. थेंब मात्र चाकावरून घ्यावा. फरशीवरच्या डागात आधीची धूळ-तेलं मिसळलेली असतात, त्याची साक्ष धरू नये. आणि चाखून बघायचं नाही. ते विषारी आहे. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंगही उचलतं.

नाकाचाही उपयोग होतो. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, कारण दात्यांवरचा प्रचंड दाब सहन व्हावा म्हणून त्यात गंधकाची संयुगं घालतात. एकदा तो वास ओळखीचा झाला की विसरत नाही. चिमटीत धरलं तर गिअर ऑइल दाट आणि चिवट लागतं. ब्रेक ऑइल पातळ, बुळबुळीत. नवं असताना फिकट पिवळं, जुनं झालं की कोऱ्या चहासारखं.

शॉकअप गळत असेल तर ओल त्याच्या उभ्या नळीवर दिसते आणि तिच्यावर धुळीचा थर चिकटून काळा लेप तयार होतो. टायरची आतली बाजू आणि ड्रमचा पत्रा बहुधा कोरडे असतात. गाडीचा तो कोपरा जोरानं दाबून सोडला तर ती दोन-तीनदा डोलत राहते. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत आणि डिकीत सीएनजीची जड टाकी असेल तर हे लवकर घडतं. मात्र ही गळती दुरुस्त करायला थोडा अवधी असतो. डिझेलचं सांगायचं तर टाकीत इंधन जाण्याची नळी अनेक गाड्यांत मागच्या चाकाच्या कमानीतून जाते आणि तिथल्या चिखलपाण्यानं गंजते. टाकी काठोकाठ भरल्यावरच डाग पडत असेल तर तिकडे बघावं. पेट्रोल उडून जातं, ओशटपणा ठेवत नाही, पण वास ठेवतं, आणि तो वास आला तर गाडी जिथे आहे तिथेच बंद ठेवावी.

आता घाटकोपर स्टेशनबाहेर टॅक्सींची रांग बघा. वॅगन-आरच्या मागे ईको उभी असते. दोघींचा रंग काळा-पिवळा, दोघींची मागची चाकं दिसायला सारखी. पण ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि ताकद मागच्या आसाकडे जाते, अगदी पद्मिनीसारखी. तिच्यात डिफरन्शियल आहे, गिअर ऑइल आहे, ऑइल सील आहे. बोलेरोत आहे, जुन्या इनोव्हात आहे, टाटा एसमध्ये आहे. शाळेच्या मुलांना नेणाऱ्या कितीतरी व्हॅन याच जातीच्या. तेव्हा जुनं ज्ञान फेकून देण्यासारखं नाही. ते कोणत्या गाडीला लावायचं, हे आधी पाहायला हवं. ईकोच्या चाकाखाली तोच डाग पडला तर दोन्ही शक्यता खऱ्या असतात आणि तिथे पाण्याचा ग्लास सर्वात जास्त उपयोगी पडतो.

अशा मागून ताकद घेणाऱ्या गाड्यांना मुंबईचा पाऊस आणखी एका वाटेनं गाठतो. अंधेरी किंवा मिलन सबवेत पाणी साचलं आणि तापलेला आस त्यात बुडाला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढलं जातं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे आस नंतर उघडले तेव्हा तेलाचा रंग दुधाळ चहासारखा झालेला असायचा, असं मिस्त्री सांगतात. असं तेल दात्यांना वाचवत नाही. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर आसाचा प्लग उघडून तेलाचा रंग बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

माझ्या गाडीचा ड्रम उघडला. पुढचं चाक दगड लावून अडवलं होतं आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवली होती. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, हे भांडुपच्या मिस्त्रींनी माझ्या देखत दोनदा आपल्या मुलाला बजावलं. ड्रममध्ये दोन अर्धचंद्राकृती शू असतात, त्यांवर लायनर, आणि वरच्या बाजूला दोन्ही शूंच्या मध्ये बोटाएवढा व्हील सिलिंडर. पॅडल दाबलं की तेल या सिलिंडरमध्ये रेटलं जातं, त्यातले दोन छोटे पिस्टन बाहेर सरकतात आणि शू ड्रमवर दाबतात. प्रत्येक पिस्टनमागे एक रबरी वाटी असते. गॅरेजात तिला नुसतं 'रबर' म्हणतात. बाहेरून धूळ जाऊ नये म्हणून एक रबरी टोपी. मिस्त्रींनी पेचकसाच्या टोकानं ती टोपी अलगद उचलली आणि आतून तेल घळकन पडलं. सिलिंडर गेला की नाही, याची खरी परीक्षा हीच. टोपीखाली नुसता दमटपणा चालतो, साचलेलं तेल चालत नाही.

सिलिंडर खोलून त्यांनी आतली भिंत उजेडात धरली. गंजाचे बारीक खड्डे, तांदळाच्या कणीएवढे. रबर त्यांवरून रोज शेकडो वेळा घासून फाटलं होतं. गंज आला कुठून, लोखंड तर सदैव तेलात बुडालेलं? त्याचं उत्तर पुन्हा त्या ग्लासात आहे. जे द्रव पाण्यात विरघळतं ते पाणी ओढूनही घेतं. बाटलीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून हवेतली दमट ओल वर्षानुवर्षं आत मुरते. मुंबईच्या हवेत ओलीला काय तोटा! ते पाणी शेवटी खाली, चाकापाशी असलेल्या सिलिंडरमध्ये काम करतं. गाडी बराच काळ उभी राहिली तर जास्तच. 2020 च्या टाळेबंदीत माझी गाडी कित्येक महिने जागची हलली नव्हती. गंजाची सुरुवात तिथली असावी, असा माझा समज आहे.

ओल मुरण्याचा दुसरा परिणाम घाटात दिसतो. कोरडं डॉट 4 तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 155 अंशांवर येते. डॉट 3 ची 205 वरून 140 वर. पावसाळी सहलीहून परतताना खंडाळ्याच्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर एवढी उष्णता सहज तयार होते. तेल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी सगळं ब्रेक ऑइल बदलतात. इंजिन ऑइल न चुकता बदलणारी माणसं हे बदलत नाहीत. मीही दहा वर्षांत एकदाही बदललं नव्हतं, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. पीयूसीत फक्त धूर तपासतात. टॅक्सी-रिक्षांना ठरावीक मुदतीनं फिटनेस घ्यावा लागतो, खासगी गाडीला पहिली 15 वर्षं तोही नाही. इतकी वर्षं ब्रेककडे बघणारा माणूस म्हणजे सर्व्हिसिंग करणारा मिस्त्री, आणि त्यानं पाहिलं नाही तर कुणीच नाही. हे मला मान्य होत नाही.

गांधीनगरला मी वाचले त्याचंही कारण आहे. आताच्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्या दोन स्वतंत्र गटांत विभागलेल्या असतात आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुधा तिरप्या: पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर, पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. एक गट रिकामा झाला तरी दुसरा निम्मा ब्रेक देतो. पॅडल खोल जाणं हीच त्या निम्मेपणाची खूण. यानंतर बाटलीत तेल ओतून पुढे जाणारे लोक आहेत. ते करू नये. आणि हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल तर कधीच ओतू नये. खनिज तेलानं ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात आणि मग एका सिलिंडरवर भागत नाही, पूर्ण यंत्रणा खोलावी लागते.

भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन, जाळून परत बसवायची एक जुनी रीत होती. मिस्त्रींनी ती स्वतः केलेली होती आणि आता करत नाहीत. लायनरच्या आत मुरलेलं तेल ड्रम तापला की पुन्हा वर येतं. ड्रममधली काळी भुकटी त्यांनी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. पूर्वीच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ती भुकटी फुंकत त्यांनी उमेदीची वर्षं काढली. आता ते जिना चढताना थांबतात. त्यांनी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला नाही, मीही विचारलं नाही.

मी म्हटलं, डावीकडचा सिलिंडर बदलून टाका. त्यांनी उजवीकडचाही ड्रम उघडायला लावला. टोपी उचलली. एक थेंब पडला, मग दुसरा.

"दोन्ही एकाच वयाचे आहेत ताई," ते म्हणाले.

सिलिंडर काही शे रुपयांचा असतो. दोन नवे आले, शूंचा पूर्ण संच आला, डॉट 4 चा बंद डबा आला. उघडा राहिलेला डबा ते वापरत नाहीत, त्यानं हवेतली ओल आधीच प्यालेली असते. मग हवा काढायची वेळ आली. त्यांचा मुलगा दुसऱ्या गाडीखाली होता, म्हणून त्यांनी मलाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांब असतं. पारदर्शक नळी निपलला लावून तिचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेलं. ते खाली बसले, दिसेनासे झाले, फक्त आवाज येत राहिला.

"मारो... पकडके रखो... छोडो."

पॅडल दाबलं की त्यांनी निपल उघडायचं, पाय तळाला जायचा, नळीतून बुडबुडे निघायचे. निपल बंद, मग पाय वर. मध्येच ते उठून बाटली भरत होते, कारण ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. तेराव्या-चौदाव्या वेळी त्यांनी मला खाली येऊन नळी बघायला सांगितलं. काळपट तेल संपून पिवळं येत होतं, त्यात बुडबुडा नव्हता. मी परत बसले. पाय ठेवला, आणि पॅडल वरच थांबलं.

पैसे घ्यायच्या आधी त्यांनी मला शेजारी बसवून गाडी स्वतः चालवली, भांडुप स्टेशनपर्यंत आणि परत, सावकाश, प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत. परत आल्यावर मिठाईच्या खोक्याचा कोरडा पुठ्ठा मागच्या डाव्या चाकाखाली सरकवला आणि म्हणाले, अर्धा तास बसा.